अठरा गुण कमी

दरभंग्याकडच्या आमच्या गावात सव्वीस वर्षं मी शिकवण्या घेतोय. शेकडेवारी माझी हुकमी. 'एका विद्यार्थ्याला अमुक टक्के मिळाले, तो तमुक गुणांनी नापास झाला, तर एकूण गुण किती?' हा विद्यार्थी माझ्याकडे रोज नापास होतो. मी स्वतः बी.ए.ला बारा गुणांनी आपटलो, म्हणून तर मास्तर झालो. वासरांत लंगडी गाय शहाणी!

शेवटच्या बाकावर फूलपरी देवी बसायची. वय चव्वेचाळीस, अंगणवाडीत मदतनीस. चौदा वर्षं खिचडी ढवळलेली. दहावी झाली तर सेविका होणार, आणि वयाच्या अटीमुळे संधी यंदाचीच. मी मोठ्या उदार मनाने म्हणायचो, "काकी, शेकडेवारी सोडा, खिचडीत मीठ किती तेवढं बघा." पोरं खिदळायची. ती मुकाट वहीत उतरवून घ्यायची.

निकाल लागला. एकशे ऐंशी गुण, तीस टक्के, अठरा गुणांनी नापास. मी सांत्वन केलं, म्हणजे भाषण ठोकलं. "नशीब, काकी! प्रत्येकाच्या कपाळी पास होणं नसतं."

"ते राहू द्या, मास्टरसाहेब. तेहेतीसला पास. म्हणजे तीन टक्क्यांचे अठरा, एकाचे सहा. एकूण सहाशे, हो ना?"

"शाब्बास!" मी म्हणालो, डोकं न वापरता.

"पण मी पेपर तर पाचच दिले."

मी गुणपत्रिका पुन्हा वाचली. सहावा ऐच्छिक पेपर तिने घेतलाच नव्हता. बोर्डाच्या कार्यालयाने तोही धरून भागलं होतं. पाचशेत एकशे ऐंशी म्हणजे छत्तीस टक्के, चांगली ढळढळीत पास! गणित माझं आणि दिसलं तिला.

कार्यालयातले मिसिरबाबू पान चघळत म्हणाले, "अहो बाई, नापास झालेले सगळे असंच म्हणतात."

तिने वही पुढे सरकवली. "मग सोडवून दाखवा की."

बाबूंनी तीनदा सोडवलं. तिन्ही वेळा सहाशेच आले. आठवड्यात नवी गुणपत्रिका हातात.

ती चूडा-दही, म्हणजे आपले दही-पोहे, घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना म्हणाली, "मास्टरसाहेब, तुमची ती बी.ए.ची गुणपत्रिका आहे ना अजून? आणा, बघते."

आहे. पेटीच्या तळाशी. दोन ओळींचं गणित. आठ दिवस झाले, पेटीची किल्ली हरवली म्हणून मी तिला सांगतोय. किल्ली माझ्या जानव्याला बांधलेली आहे.