नव्व्याण्णव सालचा कॉम्प्युटर

उत्कर्ष रागावला नाही, ही गोष्ट काही केल्या निरुपमाच्या मनातून जात नव्हती. रागवायला हवं होतं त्यानं. लहानपणी स्क्रूड्रायव्हरला कुणी हात लावला तरी घर डोक्यावर घेणारा हा मुलगा. आणि आता पावसाळाभराची मेहनत आईच्या हातून जळून गेली, तर नुसतं "राहू दे गं" म्हणून तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता.

पुण्याची नोकरी सुटल्यावर तो उन्हाळ्यात बडोद्याला, सुभानपुऱ्यातल्या घरी परत आला, तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात याचाही नंबर लागला. शेजारच्यांना निरुपमा "हल्ली घरूनच काम करतो" असं सांगायची. पहिले काही आठवडे तो पडूनच असे. मग एकदा माळा आवरताना घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरचा, आतले भाग काढलेला रिकामा डबा सापडला, पार पिवळा पडलेला. त्या कॉम्प्युटरवरच तो शाळेतून आल्या आल्या गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. तो कॉम्प्युटर होता तसा पुन्हा उभा करायचा, असं त्यानं ठरवलं.

तसा म्हणजे अगदी तसा. आतला एकही भाग नव्व्याण्णव सालानंतरचा नको. आजची डिस्क बसवली असती तर काम एका दुपारीत झालं असतं. पण त्याला ती घरघरणारी जुनी हार्ड डिस्कच हवी होती, आणि मागे भलंमोठं पोट असलेला मॉनिटर. जुन्या बाजारात तो भंगारवाल्यांशी गुजरातीत तासन्‌तास घासाघीस करी. साउंड कार्ड समा भागातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे मिळालं. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड मात्र कुठेच मिळेना. शेवटी तो सापडला कारेलीबागेतल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या माळ्यावर. त्यावरचे फुगलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, काढून उत्कर्षनं नवे बसवले. तेवढी एक सूट त्यानं स्वतःला दिली.

"अहो पुराणवस्तुखातं, जेवायला येताय की उत्खननातच ताट पाठवू?" दत्तात्रेय लेकाला हाक मारायचे.

"पाच मिनिटं, बाबा."

"आजची पाच की नव्व्याण्णव सालची?"

तो हसायचा. थोडंसंच, पण हसायचा. तेवढ्यावर निरुपमाचा दिवस जायचा. मुलगा कशात तरी रमलाय, म्हणजे सावरतोय, असा हिशेब तिनं मनाशी मांडून ठेवला होता.

नवरात्रात अष्टमीला तो कॉम्प्युटर सुरू झाला. काळ्या पडद्यावर आकडे भराभर चढत गेले. "आई! अगं, इकडे ये लवकर!" तो ओरडला. गेममधली चौकोनी, लाल गाडी दोनदा उलटली आणि तो खो खो हसला. निरुपमानं स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्यावर घर चालतं त्या सगळ्या वस्तूंची त्या दिवशी पूजा करायची, ही तिच्या सासरची पद्धत. स्कूटर झाली, शिलाईमशीन झालं, मिक्सर झाला. मग ती उत्कर्षच्या टेबलाशी आली. डबा उघडाच होता. बाहेरच्या पत्र्याला बोट टेकून पुढे जाणं तिला कोरडं वाटलं. ज्याच्यासाठी मुलानं एवढी पायपीट केली, पूजा त्याचीच व्हायला हवी. तिनं पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत बोट मदरबोर्डावर मधोमध टेकवलं. हळद लावली, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल मात्र डब्यावर ठेवलं. आणि कौतुकानं तिनंच हाक मारली, "चल, आता लाव बघू."

त्यानं पडद्याकडे बघतच बटण दाबलं. आत चट्‌ असा आवाज झाला. जळका वास आला. पडदा काळाच राहिला. उत्कर्ष वाकला, आतलं ओलं कुंकू त्याला दिसलं.

"माझ्यामुळे झालं का रे?" निरुपमानं विचारलं. "बोल की मला काहीतरी!"

"राहू दे गं," तो म्हणाला.

दसऱ्याला सकाळी दत्तात्रेय रांगेत उभे राहून फाफडा-जिलेबी घेऊन आले. उत्कर्षच्या पुढची जिलेबी गार झाली, पाकाची साखर झाली. निरुपमा त्याच्या पलंगावर जाऊन बसली.

"दुसरा बोर्ड शोधू. मी येते तुझ्याबरोबर."

"नको, आई." तो छताकडे बघत होता. "खरं सांगू? परवा सुरू झाला ना, तेव्हा तासभर छान वाटलं. मग वाटलं, आता उद्या कशासाठी उठायचं? काल जळाला तेव्हा उलट सुटल्यासारखं झालं. आता उठायला नकोच."

जो प्रश्न निरुपमा उन्हाळ्यापासून गिळत आली होती, तो तिनं सरळ विचारला. "जिवाचं बरंवाईट करावं असं येतं का मनात?"

तो म्हणाला, "कधी कधी."

तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. तो लहान मुलासारखा धरू देत होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

दारात दत्तात्रेय उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "पद्माला विचारायचं का?" ते हळूच म्हणाले. पद्मा निरुपमाची कॉलेजमधली मैत्रीण, आता मनोविकारांची डॉक्टर. "पण आज सणाचा दिवस. आणि ती आपल्याच मराठी मंडळातली, उद्या तिथे सगळ्यांना..."

ह्याच विचारानं तर निरुपमा इतके महिने गप्प बसली होती. बडोद्यातली मराठी माणसं हळदीकुंकवाला, गणपतीला पुन्हा पुन्हा तीच भेटायची.

"पद्मा कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "आणि कळलं तर कळू दे. तो माझा फोन आणा." तिनं उत्कर्षचा हात सोडला नाही. "तुझ्यासमोरच बोलते, चालेल?"

त्यानं मान डोलावली. निरुपमानं पद्माचा नंबर लावला.