सासऱ्यांची चपाती

लग्न होऊन श्रीवर्धनला आले तेव्हा मला चपाती लाटता येत नव्हती. माझं माहेर अलिबागकडचं, भातशेतीचं. आमच्याकडे सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात आणि रात्री पुन्हा भात. सासरे मात्र घाटावरचे. एसटीत कंडक्टर म्हणून श्रीवर्धन डेपोत आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. इतकी वर्षं समुद्राकाठी काढली, मासे आवडीने खाऊ लागले, पण दोन्ही वेळा ताटात चपाती नसली की आपण जेवलो असं त्यांना वाटायचं नाही. सासूबाई तेव्हा आजारी होत्या. त्यांनी खाटेवर बसून मला कणीक मळायला शिकवलं. सुरुवातीला माझ्या चपात्या वातड व्हायच्या, सासरे न बोलता खायचे. एकदा हात धुता धुता म्हणाले, "आज जमली, पोरी." सासूबाई गेल्या, तरी आमच्या घरातला तो नेम मोडला नाही.

मोडला तो माझ्यामुळे. दोन-तीन वर्षं माझं पोट बिघडलेलं असायचं. जुलाब, अंगात रक्त नाही, केस मूठमूठ गळायचे. इथल्या डॉक्टरांनी कधी पित्ताच्या गोळ्या दिल्या, कधी रक्तवाढीच्या. शेवटी नवरा मला पनवेलला घेऊन गेला. तिथे रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "तुम्हाला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लुटेन तुमच्या आतड्याला इजा करतं. गहू, मैदा, रवा, सगळं बंद. थोडे दिवस नाही, जन्मभर."

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मंग रडतेस कशाला? आपल्यात गहू खातंय कोन? तांदूळ हाय ना घरात?"

मलाही आधी तसंच वाटलं. मी माझ्यापुरती भाकरी थापायला लागले आणि बाकीच्यांसाठी चपात्या लाटत राहिले. पण मला बरं काही वाटेना. पुन्हा पनवेलला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घरातलं एकेक विचारलं. तांदूळ कुठे दळता? हिंग कुठला वापरता? कणीक कोण मळतं? मी गिरणीतून तांदळाचं पीठ आणत होते, त्याच जात्यावर आधी कुणाचे तरी गहू दळलेले असायचे. कणीक मळताना उडालेलं पीठ माझ्या भाकरीवर, माझ्या श्वासात जात होतं. आणि हिंग? घरी येऊन डबी उलटी करून वाचली. गव्हाचं पीठ, गोंद, आणि मग हिंग. मी रोजच्या आमटीत गहू घालून खात होते.

त्या संध्याकाळी नवरा सगळं समजावून सांगत होता. सासरे ऐकत होते. मध्येच उठले, गव्हाचा डबा उचलला आणि शेजारी देऊन आले. मग पोळपाट-लाटणं, चपातीचा तवा, कणकेची परात असं सगळं एका पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं.

मी म्हटलं, "बाबा, तुमच्या चपात्या?"

"भाकरी काय वाईट लागते?" ते म्हणाले. "आता आपण सगळेच भाकरी खायची."

त्या रात्री त्यांनी दीड भाकरी खाल्ली आणि चांगली झाली म्हणाले.

नवऱ्याने घरीच पीठ दळायला घरघंटी आणली. घरातलं निस्तरलं, पण बाजार अवघड होऊन बसला. पूर्वी किराणा आणायला मला वेळ लागत नसे. आता प्रत्येक पुडा हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचायची, अक्षर लागलं नाही तर मोबाईलने फोटो काढून मोठं करून पाहायचं. मसाला, सॉस, शेव, चिवडा, पापडसुद्धा. माझ्यामागे लोक खोळंबायचे. दुकानदार चांगला माणूस, पण तोही एकदा म्हणाला, "वहिनी, लाल तिखटात गहू कुठून येणार?" मी पुडा तसाच ठेवला आणि मागच्या बाईला पुढे जायला सांगितलं. मासळीवालीकडे अडचण नव्हती, पण शेजारीण प्रेमाने रव्यात तळलेली सुरमई घेऊन यायची आणि मला ती वाटी घेऊन आत ठेवावी लागायची. सत्यनारायणाचा शिरा मी हातात घेऊन डोळ्यांना लावायचे आणि नवऱ्याच्या हातात द्यायचे. देणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला दिसायचं. प्रत्येकीला सगळं सांगत बसण्याचंही बळ नसायचं.

या सगळ्यात सासऱ्यांचं ताट मी रोज पाहत होते. ते कधी काही बोलले नाहीत. पण अंगावरचा सदरा सैल दिसायला लागला होता. दुपारी झोपायची सवय त्यांनी सोडली आणि चारच्या सुमारास "जरा चक्कर मारून येतो" म्हणून बाहेर पडू लागले. रात्री भाकरी अर्धीच घ्यायचे. मी विचारलं की म्हणायचे, "वय झालं, पोरी. भूक कमी होते."

एका दुपारी मी एसटी स्टँडवर गेले. नवऱ्याच्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर मुंबईहून माझ्यासाठी बिनगव्हाच्या हिंगाच्या डब्या आणि ज्वारीच्या शेवया यायच्या होत्या. गाडी अजून लागली नव्हती. स्टँडच्या कडेला एक छोटं हॉटेल आहे. तिथे आतल्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून सासरे बसले होते. समोर बशीत चपाती, बाजूला चहा. चपातीचा तुकडा चहात बुडवून ते सावकाश खात होते. त्यांना इतक्या मनापासून खाताना मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

मी उभ्या असलेल्या एका गाडीच्या आडोशाला सरकले. खाऊन झाल्यावर ते बाहेरच्या नळावर आले. कोपरापर्यंत हात धुतले. चूळ भरली, पुन्हा भरली. मग सदऱ्याची खालची कड दोन्ही हातांनी धरून झटकली, छातीवरून हात फिरवला, मिशी रुमालाने पुसली. एखादा कण माझ्या घरात येऊ नये म्हणून.

ड्रायव्हरने दिलेली पिशवी घेऊन मी घरी आले. सासरे आधीच येऊन पेपर वाचत बसले होते. "मिळालं का सामान?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. म्हाताऱ्या माणसाला चोरासारखं खायला लावलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पुढचे काही दिवस मी त्यांच्याकडे नीट पाहू शकले नाही. शेवटी मनाशी ठरवलं आणि दुकानातून कणकेची पिशवी आणली. दुकानदाराने पिशवीकडे आणि माझ्याकडे पाहिलं. घरी कुणी नव्हतं. माळ्यावरचं पोतं खाली काढलं, मागच्या पडवीत स्टोव्ह मांडला, नाकातोंडाला ओढणी बांधली आणि कणीक मळायला बसले. हात विसरले नव्हते.

दुसरी चपाती तव्यावर होती तेव्हा सासरे आले. दारातच थांबले.

"हे काय चाललंय?"

"तुमच्यासाठी करतेय. पडवीतच आहे, नाक बांधलंय."

"बंद कर आधी ते." त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. त्यांनी स्वतः स्टोव्ह विझवला. "हात धू. आंघोळ कर जा. पुन्हा आजारी पडायचंय का तुला?"

मी तिथेच बसून राहिले. म्हटलं, "मी पाहिलं तुम्हाला, बाबा. स्टँडवर."

ते पडवीच्या पायरीवर बसले.

"मग मला हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही लपून खात होता."

"लपूनच खात होतो," ते म्हणाले. "मला लाज वाटायची. तू भाकरीचा कोरडा तुकडा खाऊन दिवस काढतेस आणि मी सत्तरी ओलांडलेला माणूस, मला दोन चपात्या सुटेनात."

"लाज मला वाटायला हवी. माझ्यामुळे झालं सगळं."

"तू काय मुद्दाम आजार आणलास?"

त्यांनी पडवी स्वतः धुऊन काढली, मला जवळ येऊ दिलं नाही. झालेली चपाती खाल्ली नाही, गाईला घातली.

त्यानंतर ते उघडपणे स्टँडवर जातात. मीच चार वाजले की सदरा काढून देते आणि "दोन खा आज" म्हणते. आल्यावर भाजी कसली होती ते सांगतात. सदराही जरा भरल्यासारखा दिसतो. नवरा म्हणतो, झालं ना आता, कशाला मनाला लावून घेतेस. पण ते नळावर हात धूत असतील ते मला घरात बसूनही दिसतं.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं हरिहरेश्वरला गेलो. दर्शन झाल्यावर एका घरगुती खानावळीत जेवायला बसलो. मी तोंड उघडायच्या आत सासऱ्यांनी बाईंना विचारलं, "आमटीत डबीचा हिंग आहे का? माझ्या सुनेला चालत नाही. मासा रव्यात नको, तांदळाच्या पिठात करा, तवा धुऊन घ्या." बाईंनी कंटाळा न करता सगळं वेगळं करून दिलं. सासऱ्यांच्या ताटात गरम चपात्या आल्या. त्यांनी त्या उचलून नवऱ्याच्या ताटात ठेवल्या आणि भात पुढे ओढला.

"खा ना, बाबा," मी म्हटलं. "इथे काय अडचण आहे?"

"तुझ्याबरोबर भातच खातो आज," ते म्हणाले.

मला बरं वाटायला हवं होतं. मी मान खाली घालून जेवत राहिले.