साहेब, समुद्र खाली गेला!

चहा ओता आधी. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्ये नाही. मधला भाग अभिमानाचा आहे!

तर मी मूळचा ग्वाल्हेरचा. नोकरी भोपाळात, टर्बाईन बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात. क्वार्टर बरखेड्यात. उभ्या आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आमचा बडा तालाब. आणि बायको कुठली? थेट गुहागरची! लग्न ग्वाल्हेरला झालं, नंतर रजा मिळेना, त्यामुळे सासरचा समुद्र बघायचा राहूनच गेला. सासरची माणसं भोपाळला आली की माझ्याकडे अशी बघायची, जणू मला एक कान कमी आहे.

अशात आमच्या विभागाकडे काम आलं. लाटांपासून वीज! दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर, खडकाला लागून काँक्रीटची एक भलीमोठी खोली बांधलेली, तिचं तोंड पाण्याखाली. लाट आत शिरली की खोलीतली हवा वर ढकलली जाते आणि टर्बाईन फिरवते. लाट मागे हटली की हवा परत आत ओढली जाते, तरी टर्बाईन त्याच दिशेनं फिरतं! आहे की नाही कमाल? आणि ते बनवलं कुणी? जिथं समुद्राचा वारासुद्धा पोचत नाही, त्या आमच्या भोपाळनं! ट्रक निघाला तेव्हा अख्ख्या शॉपनं, म्हणजे आमच्या कारखान्यातल्या कामगारांनी, नारळ फोडून टाळ्या वाजवल्या होत्या.

चाचणीसाठी मला पाठवलं. निघताना सुनंदा, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, तिथं गेल्यावर भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्या हं."

"मी इंजिनिअर आहे, सुनंदा. पोहायला नाही चाललो!"

सकाळी पोचलो. खोलीच्या भिंतीवर पाणी जिथं टेकत होतं, तिथं लाल रंगाची झकास रेघ मारली. इंजिनिअर ना! मग केळीच्या पानावर भरपेट भात जेवलो, जरा लवंडलो. उठून बघतो तर रेघ वर, पाणी खाली! चांगलं दीड हात खाली!

अजून पाणी उतरलं तर खोलीचं तोंड उघडं पडणार, हवा दाबली जाणार नाही, टर्बाईन ठप्प, आणि भोपाळचं नाक कापलं जाणार!

तुम्ही म्हणाल, ओहोटी माहीत नव्हती? होती की! भूगोलात होती. पण भूगोलातली ओहोटी समोर येऊन उभी राहिली की ओळखू येते थोडीच?

धावत पोस्टात गेलो आणि आमच्या मल्होत्रा साहेबांना ट्रंक कॉल लावला.

"सर, समंदर नीचे जा रहा है!"

"कौन नीचे जा रहा है?"

"समंदर, सर! पूरा का पूरा! लगता है कहीं लीकेज है। टेस्ट रुकवाइए!"

साहेब अगदी मायेनं म्हणाले, "जोशी, खाना खाया?"

"जी सर."

"तो थोड़ा आराम करो। शाम तक आ जाएगा। हमेशा आता है।"

आला की! संध्याकाळी रेघेच्याही वर आला. पण तोवर कारखान्याच्या टेलिफोन ऑपरेटरनं बातमी बरखेडाभर पोचवली होती. शेजारच्या तिवारीबाई सुनंदाला विचारून गेल्या, "भाभीजी, सुना है भाईसाहब का समंदर लीक हो गया?"

हसलात ना? थांबा. दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. लाट आत शिरली, खोलीनं हूंऽऽ करून श्वास सोडला आणि आमचं टर्बाईन फिरायला लागलं! लाट मागे गेली, तरी फिरतंच! समोर लावलेली बल्बांची माळ उजळली. शॉपमध्ये आमच्या पोरांनी हातानं घासून गुळगुळीत केलेली पाती समुद्राच्या श्वासावर फिरत होती. डोळे भरून आले माझे. खाऱ्या वाऱ्यामुळे, असं मी तिथं सगळ्यांना सांगितलं.

बक्षीस म्हणून रजा मिळाली. भोपाळच्या टी. टी. नगर बाजारातून कोऱ्या करकरीत कोल्हापुरी चपला घेतल्या आणि गाठलं गुहागर. सासरे, म्हणजे तात्या, सगळ्या आळीला घेऊन मला किनाऱ्यावर घेऊन गेले.

"हे आमचे जावई. समुद्रातून वीज काढतात!"

"समुद्रातून?"

"मग! आणि तीही भोपाळच्या यंत्रानं!"

अहो, छाती अशी फुगली! चपला नीट जोडीनं वाळूत काढून ठेवल्या आणि काठीनं आकृती काढून व्याख्यान सुरू केलं. एवढ्यावर थांबावं की नाही? नाही! मी हात लांब करून म्हणालो, "आता हे पाणी एवढं दूर दिसतंय ना, त्याला म्हणतात ओहोटी!"

गुहागरच्या माणसांना!

जावई आहे म्हणून सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मी रंगात आलो, समुद्राकडे पाठ करून बोलतच राहिलो. तासाभरानं पायाला गार लागलं. वळून बघतो तर पाणी घोट्यापर्यंत, आणि माझी जोडी ऐटीत हेलकावे खात अरबी समुद्राकडे निघालेली!

पुढे तात्या, मागे मी अनवाणी, अशी आमची वरात आळीतून घरी निघाली. एका ओटीवरून आवाज आला, "तात्यानू, जावयांच्या चपला कुठं?"

तात्यांनी मान ताठ केली.

"समुद्रातून एवढी वीज घेतात हो ते. त्यालाही काहीतरी द्यायला नको?"