तिसऱ्या क्वार्टरला उठलो तो दिवस

मी मनोहरकाकांशी खोटं बोललो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते गाळून त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं लिहीत बसलो तर पुन्हा एक खोटं बोलल्यासारखं होईल.

ते गेले त्याला आता पाच आठवडे झाले. रविवारी सकाळी त्यांच्या मुलीचा, अनघाचा फोन आला. "दादा, बाबा गेले... झोपेतच. ही वॉज व्हेरी पीसफुल." मी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये उभा होतो, हातात कोथिंबिरीची पिशवी. रडू आलंच, पण त्याखाली आणखी एक भावना होती आणि तिची मला लाजही वाटली. सुटल्यासारखं वाटलं. आठ दिवस आधी मी त्यांना खरं काय ते सांगितलं होतं. उशीर झाला असता तर... पण झाला नाही.

काका मूळचे सांगलीचे. पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत, इथल्या विद्यापीठात एमएस करायला आले आणि मग नोव्हाय गावाजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकवर काम करत निवृत्त झाले. मी नागपूरहून आयटीत आलो तेव्हा मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात ते भेटले. काकू नुकत्याच गेल्या होत्या. काकांकडे त्यांच्या विद्यापीठाच्या फुटबॉलची दोन सीझन तिकिटं होती आणि शेजारची जागा रिकामी होती. "शनिवारी काय करतोस?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही." त्या 'काही नाही'तून पुढचे नऊ हिवाळे निघाले.

फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. मला तो कळत नव्हता. एवढंच कळलं की आमचा संघ हरतो. कधी सुरुवातीपासून हरायचा, कधी जिंकत आणलेली मॅच शेवटच्या दोन मिनिटांत घालवायचा. दुसरा प्रकार काकांना जास्त लागायचा. ते टोपी काढून डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, "पोरं थकली रे."

मॅचच्या आधी पार्किंगमध्ये लोक ग्रिल लावून सॉसेज भाजायचे. आम्ही डिकी उघडून थालीपीठ खायचो, थर्मासमधून गवती चहाचा चहा. मग आत. काका काकूंची उशी बरोबर घ्यायचे. स्टेडियमचा बाक लोखंडी, हिवाळ्यात बर्फासारखा, म्हणून काकूंनी जुन्या गोधडीतून कापून दोन उशा शिवल्या होत्या. एक हरवली. उरलेली ते मला देऊ करायचे, मी नको म्हणायचो, आणि शेवटी ती दोघांच्या मध्ये तशीच पडून राहायची. काका सांगायचे, काकूंना खेळात रस नव्हता. भावानं पोस्टानं पाठवलेली शब्दकोडी सोडवत त्या इतकी वर्षं त्या थंडीत बसल्या होत्या. मधूनच मान वर करून विचारायच्या, "आज किती मार खाल्ला?"

"काका, दुसरी टीम का नाही धरत?" मी एकदा विचारलं. "जिंकणाऱ्या टीम आहेत ना जवळच."

"टीम काय भाड्याचं घर आहे का रे? गळायला लागलं की बदललं?"

मग त्यांनी सांगितलं, पहिल्या हिवाळ्यात त्यांच्याशी कामाखेरीज कुणी बोलत नव्हतं. रूममेटनं एका शनिवारी मॅचला ओढून नेलं. अंगात सांगलीहून आणलेला स्वेटर. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं न विचारता आपलं अर्धं ब्लँकेट त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं आणि टचडाउन होऊन गुण मिळाल्यावर त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "या देशात मला लागलेला तो पहिला हात," काका म्हणाले. त्या दिवशीही आम्ही हरलोच होतो.

त्यांचा नियम एकच. संपल्याशिवाय उठायचं नाही. हरल्यावर खेळाडू विद्यार्थ्यांच्या बाकांसमोर जाऊन उभे राहतात आणि बँड कॉलेजचं गाणं वाजवतो. तोवर स्टेडियम निम्मं रिकामं झालेलं असायचं. काका टोपी काढून उभे. "वीस वर्षांची पोरं हरून उभी आहेत, आणि आपण त्यांना पाठ दाखवायची?"

दोन वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरच्या शेवटची मॅच. वारा असा की डोळ्यांतून पाणी येत होतं. चारपैकी तिसऱ्या क्वार्टरला आम्ही एकवीस गुणांनी मागे. पायांची बोटं मला जाणवत नव्हती, घरी पाहुणे येणार होते, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. फक्त कंटाळा. मी खिशातून फोन काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "काका, प्रॉडक्शन डाउन आहे, ऑफिसचे सर्व्हर बंद पडलेत. आज ऑनकॉल ड्युटी माझीच आहे. निघावं लागेल."

काकांनी मैदानाकडे पाहिलं. मग उशी उचलली, झटकली आणि उठले. पायऱ्या उतरताना मागे वळून पाहिलं नाही.

गाडीत मी रेडिओ लावला नाही. नोव्हाय जवळ आलं तशी एक गाडी हॉर्न वाजवत बाजूनं गेली, खिडकीतून आमच्या संघाचा झेंडा फडफडत होता. मग दुसरी. काकांनी काच खाली केली.

"जिंकले वाटतं," ते म्हणाले.

मी वेग वाढवला.

"बरं झालं," काका म्हणाले. "तुझं ऑफिसचं काय? खोळंबले असतील ते. कर फोन."

त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये उभं राहून मी कानाला फोन लावला आणि पाच मिनिटं कुणाशीच बोललो. "सर्व्हर रीस्टार्ट करून बघा," असंही म्हणालो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काका बघत होते.

नंतर आठवडाभर सगळे त्याच मॅचबद्दल बोलत होते. संक्रांतीच्या कार्यक्रमात कुणीतरी काकांना विचारलंच, "तुम्ही होतात ना हो? एवढी वर्षं त्यासाठीच तर बसलात!" मी तिळगुळाचं ताट धरून शेजारी उभा. काका म्हणाले, "तिसऱ्या क्वार्टरपर्यंत होतो. काम निघालं जरा." कुणाचं काम, ते सांगितलं नाही. मला त्यांनी एक शब्द बोलून दाखवला असता तर बरं झालं असतं. पुढच्या सीझनला मी प्रत्येक मॅचला गेलो, शेवटपर्यंत बसलो, प्रत्येक वेळी सांगायचं ठरवलं. संघ हरत राहिला, मी गप्प राहत गेलो.

उशी आता माझ्या गाडीच्या डिकीत असते. मागच्या शनिवारी अनघाला घेऊन गेलो होतो. लहानपणी तिला हे सगळं बोअर व्हायचं. या वेळी ती उशीवर बसली, हरल्यावर गाणं संपेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "दे आर सो बॅड, दादा." मला हसू आलं. काका असते तर म्हणाले असते, पोरं थकली.

पण सांगायचं ते वेगळंच. जायच्या आठ दिवस आधी काका घरीच होते, अखेरच्या दिवसांत काळजी घेणारी हॉस्पिसची नर्स येऊन जायची. तीच उशी त्यांच्या टाचांखाली ठेवली होती. शनिवार दुपार, टीव्हीवर मॅच, आवाज बारीक. आम्ही अर्थातच मागे. मी पडद्याकडे बघतच बोललो.

"काका, त्या दिवशी ऑफिसचं काही नव्हतं. मी खोटं बोललो. माझ्यामुळे तुमची ती मॅच हुकली. माझं चुकलं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

"तुझा फोन बंद होता," ते म्हणाले. "थंडीनं बॅटरी गेली म्हणून थालीपीठ खाताना तूच सांगितलंस. नंतर त्याच फोनवर सर्व्हर चालू केलास."

मी तोंड लपवलं. ते हसत होते, खोकला येईपर्यंत. मी पाणी दिलं.

"मग उठलात कशाला?"

"गुडघे गेले होते रे. पहिल्या क्वार्टरलाच. पण आपण होऊन कसं उठणार? तू निमित्त दिलंस." श्वास घेऊन म्हणाले, "आणि आपण उठलो म्हणूनच जिंकले असतील. त्यांनाही निमित्त मिळालं."

हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलं नाही. छातीवरचं ओझं मात्र उतरलं होतं. तरीही मी म्हणालो, "माझं चुकलंच, काका."

"चुकलंच," ते म्हणाले. "आता आवाज वाढव. अजून एक क्वार्टर आहे."