दूर्वांची जुडी आणि शेजारची बकरी

माझी मुलगी आमच्या रायपूरच्या समता कॉलनीतल्या अंगणात एका इवल्या पतंगाचा अभ्यास करत होती. त्याची अळी गवताच्या पात्यात शिरते, आतला गर खात पांढरी रेघ ओढते आणि शेवटी कोशातून पतंग होऊन निघते. पार नवा रायपूरपर्यंत शोधूनही ती अळी तिला फक्त आमच्याच दूर्वांत सापडली होती. त्या दूर्वांना तिने लाल दोरे बांधले होते आणि मला तीनदा बजावलं होतं.

गणेश चतुर्थीला मी ऐटीत त्याच दूर्वा खुडल्या. दोरा आयताच मिळाला, म्हणून जुडीही त्यानेच बांधली.

तिने विचारलं, तेव्हा मी बेधडक शेजारच्या काकूंच्या बकरीचं नाव घेतलं. बकरीने कुंपणावरून मारलेली उडीही करून दाखवली. काकूंनी बिचारीला दिवसभर बांधून ठेवलं.

संध्याकाळी आरतीनंतर मुलगी गणपतीसमोर वाकली आणि जुडी घेऊन उठली.

"काहून बाबा, बकरी आता गाठही मारून राहिली का?"

पाती पार कोमेजली होती. त्यांतून पुढे पतंग एकही निघाला नाही.

त्याच रात्री मी मोदक घेऊन काकूंकडे गेलो, सगळं कबूल केलं. एक मोदक बकरीपुढे धरला. तिने हुंगला आणि तोंड फिरवलं.