डबानानांच्या डब्याची सुट्टी

डबानानांवर अन्याय झाला तो दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, सकाळी पावणेदहा वाजता, पांझरेच्या काठावर त्यांच्या दुकानासमोर. वेळ मुद्दाम लिहितो आहे. आपण धुळेकर अन्याय विसरत नाही, वेळ तेवढी विसरतो, आणि वेळ विसरली की 'असं काही घडलंच नाही' म्हणायला समोरचा मोकळा. अन्याय करणारा एक हवालदार. अन्याय झालेले नाना, आणि त्यांच्याबरोबर बिअरचे तेवीस रिकामे डबे. रिकामे हा शब्द तुम्ही पुन्हा वाचा. हवालदाराने एकदाही वाचला नाही.

नाना माणसाचं तोंड बघत नसत, हातातला डबा बघत. सकाळी सगळी गल्ली टमरेलं घेऊन नदीकडे निघाली की नाना दुकानाच्या फळीवर बसून डब्यांचे नमस्कार घेत. मॅट्रिकला गणित शिकवणारे मास्तर मान खाली घालून भराभर चालले असले तरी नाना भर रस्त्यात हाक मारत, "मास्तर, कान हालना का हो? येतांना दाखाडी जा!" मास्तरांचा कान नव्हे, टमरेलाचा, ढिला झालेला. पण रस्त्यावरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या आणि मास्तर पुढचे आठ दिवस दुसऱ्या वाटेने जायचे.

कान म्हणजे डब्याची मूठ. डब्याला कान लावणं हाच नानांचा धंदा. लढाईच्या काळात नाना दोंडाईच्याला होते. तिथे मिलिटरीची आगगाडी पाणी घ्यायला थांबली की गोरे सोल्जर बिअर पिऊन डबे खिडकीतून भिरकावत. पोरं नाणी आणि बिस्किटं वेचत, नानांनी डबे वेचले. पोतीच्या पोती भरून धुळ्याला आणले. कुणाची घासलेटची चिमणी झाली, कुणाचं नरसाळं, कुणाचं दुधाचं माप, आणि बहुतेकांची टमरेलं. "कान लावा म्हनजे डबा मानूसमा येस," असं नाना म्हणत. गावातले अर्धे लोक सायबाच्या दारूच्या डब्याने आपली सर्वांत खाजगी कामं उरकतात याचा त्यांना केवढा अभिमान! पारतंत्र्याचा यापेक्षा चांगला सूड कुणी घेतला असेल तर मला कळवा.

एक डबा मात्र नानांनी कधी कापला नाही, त्याला कान लावला नाही. तो त्यांनी दोंडाईच्याला उचललेला पहिला. निळी अक्षरं उडत चाललेली, बुडाशी अंगठा दाबल्यासारखा खड्डा, वरच्या झाकणाला समोरासमोर दोन त्रिकोणी भोकं. तो दुकानातल्या विठोबाच्या तसबिरीशेजारी असायचा. "हाऊ बठ्ठासना बाप शे," नाना सांगत, म्हणजे सगळ्या डब्यांचा. स्वतः नाना माळकरी. दारूचा थेंब नाही, चहासुद्धा गुळाचा. पण गळ्यात तुळशीची माळ आणि देवाशेजारी बिअरचा डबा, यात काही विपरीत आहे हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. आत काय होतं ते सोल्जरच्या पोटात गेलं, नानांकडे आला तो पत्रा. पत्र्याला कसलं पाप?

त्या दोन भोकांवरून नाना मला बोलत. मी तेव्हा देवपूरच्या कॉलेजात होतो. द्विभाषिक राज्याच्या विरोधात, नळाच्या पाण्यासाठी, गल्लीतल्या दिव्यांसाठी, जमेल त्या विषयावर पत्रकं काढून वाटत होतो. दुकानात बसून मी नगरपालिकेला शिव्या घालू लागलो की नाना तो डबा उचलून माझ्या नाकासमोर धरत. "भाऊ, एक भोकमाईन काहीच निंघत नही. दोन लागतस. एकमाईन हवा आत जास, तवय दुसरामाईन पानी बाहेर येस. तुले एकच भोक शे. बोलानं. ऐकानं पाडालेच देव इसरी गया." मी हसायचो. हसायला नको होतं.

सणाची कल्पना नानांचीच. पोळ्याला बैल सजले, मिरवले, पुरणपोळी खाऊन गोठ्यात बसले. ते बघून आल्यावर नाना म्हणाले, "बैलले वरीसमा एक दिवस सुट्टी भेटस. खंडेनवमीले हातोडीले फूल भेटस. मंग डबाले का बरं नही? सकायपाईन रातलोंग राबस, बठ्ठासना पुढे जास, आन मंग त्याले कोपरामा उलटा फेकतस." पुढच्या वर्षीपासून पोळ्याची कर ही डब्याची सुट्टी, असं ठरलं. त्या दिवशी डबा घासायचा, गेरूने रंगवायचा, झेंडूची माळ घालायची, त्याला काम सांगायचं नाही. मग सगळे डबे ओळीने मांडायचे आणि बापाला मध्ये बसवून नानांनी डब्याचा इतिहास सांगायचा. कुठल्या गाडीतून आला, त्याची शिवण कशी, त्याला कथलाचा डाग कसा देतात, सगळा. वर्षभर नाना ते भाषण मनात घोळवत होते. उभ्या जन्मात त्यांना कुणी बोलायला उभं केलं नव्हतं. कान लावून द्या, यापलीकडे त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

पत्रक अर्थातच मी लिहायचं. मथळा वाचून दाखवला, 'बिअरच्या डब्यांचा जाहीर उत्सव!' नाना म्हणाले, "नुसतं पेय लिख. आत काय व्हतं ते कसाले लिखस?" मी त्यांना सत्यावर व्याख्यान दिलं. दारूबंदी आली म्हणून इतिहास खोटा लिहायचा का? बिअर ती बिअर! भिणारा माणूस पत्रक काढत नसतो!  नानांनी डबा उचलून मला ती दोन भोकं दाखवली.  मी पत्रक छापखान्यात टाकलं.

त्यात मी आणखी एक वाक्य ठणकावून घातलं होतं. 'या दिवशी डब्यास कोणतेही काम सांगू नये!' गल्लीने ते शब्दशः पाळलं. करीच्या दिवशी पहाटे टमरेलं रंगवून ओट्यावर बसलेली आणि माणसं घराघरातून अवघडून उभी. शेवटी ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन लोक पळाले. नानांच्या घरातून अक्कांचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, आवाज आला, "देवना तांब्या कोन लई गया?" तांब्या त्यांचा दीर घेऊन गेला होता. अक्का मग ओट्यावर येऊन नानांवर कडाडल्या, "तुमना डबाले सुट्टी, मंग मानसेस्नी काय करानं? धरी ठेवानं?" नाना शांतपणे म्हणाले, "एक दिवस. बैलनं काम शेतकरी करी लेस का नही?" तो तांब्या चिंचेने सात वेळा घासला तरी अक्कांनी परत देवापुढे ठेवला नाही. पण डब्यांना हळदकुंकू त्यांनीच वाहिलं, हेही लिहायला हवं.

पावणेदहाला तेवीस डबे ओळीने मांडून झाले. नाना धुतलेला सदरा घालून उभे राहिले, घसा खाकरला, आणि हवालदार आला. हातात माझं पत्रक.

"कशाचे डबे?"

"पेयना," नाना म्हणाले.

"कसलं पेय?"

 हवालदाराने पत्रकावर बोट ठेवून मथळा मोठ्याने वाचला. माझाच मथळा, माझंच उद्गारचिन्ह. नानांनी गळ्यातली माळ बाहेर काढून दाखवली. म्हणाले, "वास ल्या साहेब." हवालदाराने एका डब्यात नाक घातलं.

"घासलेट!"

"चिमनी व्हती ती."

"म्हणजे घासलेटही पिता?"

गर्दी हसली. सगळी गल्ली हसली, ज्यांच्या टमरेलांना नानांनी कान लावले होते ती सगळी. मी पुढे होऊन कायद्याचं कलम विचारलं, तर हवालदार म्हणाला, "तूच लिहिलंस ना? थँक्यू." तेवीस डबे, बापासकट, पोत्यात भरून चौकीवर गेले. नाना संध्याकाळपर्यंत चौकीच्या बाकावर, दारूबाज म्हणून पकडलेल्या दोघांच्या मध्ये बसले. दोघांनी त्यांना विचारलं, कुठे मिळते? भाषण तसंच राहिलं.

पंधरा दिवसांनी नाना मला चौकीच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. संडासाच्या दाराशी बाप पडला होता. झाकण सुरीने भसाभसा कापून काढलेलं. दोन्ही भोकं गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नाना पुढे गेले आणि हवालदारासमोर हात जोडून म्हणाले, "साहेब, ठेवा तुमनाकडेच. पन मी कडा दुमडी देस, कान लाई देस. धार मोठी शे, कोनाबी हात कापाई जाई."

"मुद्देमाल आहे," हवालदार म्हणाला. "हात लावायचा नाही."

मुद्देमाल! ज्याने रोज सकाळी ढुंगण धुतलं जातं तो मुद्देमाल! घरी येताना नाना एवढंच बोलले, "त्याले कान बी लावा नही." पुढे आठवडाभर हवालदार फार जपून बसत होता असं गल्लीत बोलत. नानांना ते सांगितलं तर ते हसले नाहीत. "मी सांगं व्हतं ना," म्हणाले.

केस चालली नाही. बावीस डबे परत आले, बाप आला नाही. कुणीतरी उचलून नेला, असं चौकीवर सांगतात. मला नाना एका शब्दाने लागेल असं बोलले नाहीत. उलट म्हणाले, "पुढला साल पेय लिख." पुढल्या सालाच्या आत, थंडीत, छातीत कफ भरून ते गेले. माझं दुसरं भोक पडलं ते तेव्हा. आता मी लिहिलेलं आधी कुणाला तरी वाचून दाखवतो आणि गप्प बसून ऐकतो. पत्रक उशिरा निघतं. निघू दे.

अक्का यंदाच्या करीला बावीस डबे मांडणार आहेत, मध्ये जागा सोडून. नानांचं भाषण त्यांना पाठ आहे. रोज रात्री ऐकलेलं.

म्हणून तुम्हाला सांगतो. होय, तुम्हालाच. हे खाली ठेवा, उठा आणि घरामागच्या कोपऱ्यातला डबा उचलून बघा. कान नसलेला, कडा न दुमडलेला, बुडाशी अंगठ्याएवढा खड्डा आणि पुसटशी निळी अक्षरं असलेला असेल तर तो तुमचा नाही. कुठून आला ते मी विचारणार नाही. हात जपून डबा धरा, घासा, आणि करीच्या सकाळी पावणेदहाच्या आत पांझरेच्या काठी अक्कांना आणून द्या. त्या दिवशी सकाळी मात्र तो वापरू नका.