दगड निघेपर्यंत

मुकुटबनजवळच्या चुनखडीच्या खदानीत रुपीबाई आडे गप्प बसली, असा दिवस सहसा जात नसे. बंजारा तांड्यातली, चाळिशी ओलांडलेली, किडकिडीत, तोंडाची फटकळ बाई. मुकादमही तिला वचकून असे. धाकट्या भावाला, रामलालला, तिनेच या कामावर आणले होते. वैशाखातल्या एका दुपारी वरचा कडा सुटला आणि रामलालचा एक पाय मांडीपर्यंत दगडाखाली सापडला. रक्त फारसे नव्हते. दगड मात्र बैलगाडीएवढा.

जेसीबी दुसऱ्या खदानीवर होता. ‘निघाला, निघाला,’ मालक फोनवर सांगत राहिला. रामलालचे डोळे मिटू लागले तसे रुपीबाईने त्याचे डोके मांडीवर घेतले. याला झोपू द्यायचे नाही, एवढेच तिला कळत होते. सोबतच्या जीवनने जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर पाहिलेल्या पिरॅमिडच्या गोष्टी सांगितल्या होत्या. तिने तेच काढले.

“जीवन, त्या इजिप्तच्या लोकायनं दगड कसे सरकवले मनत होता तू?”

पहारीवर जोर देत जीवन म्हणाला, “वाळूवर पाणी टाकत, मावशी. मंग वढत.”

“मंजे पाणी बायाच वाहत असतीन. नाव राजाचं.”

रामलालला हसू आले. “बाई, आपल्या तांड्याचे बैल नेले असतीन त्यायनं. मिठाच्या गोण्या उतरवल्या अन दगड लादले.”

“मंग बैल वापस काहून नाही आले?”

“टोकावर चढून बसले. उतरता येऊन नाही राह्यलं त्यायले.”

माणसे हसली आणि पुन्हा पहारींना भिडली. उन्हे कलली तरी जेसीबी नाही. रामलाल पाणी मागे, मधेच बैलांचे पुढे काय झाले ते सांगे. शेवटी खाली ओंडके सारून दगड कलता झाला. एका माणसाचा जोर कमी पडत होता. रुपीबाई उठली, पहारीला लटकली, आणि दगड उलटला.

पाय काळानिळा, पण शाबूत. “हलकं वाटून राह्यलं, बाई,” रामलाल म्हणाला. जीपमध्ये घातला तेव्हा बोलत होता. वणीचा दवाखाना यायच्या आत त्याचे हृदय थांबले.

तरुण डॉक्टरने समजावले, “चेंगरलेल्या पायात विष साठतं. दगड निघाला की ते एकदम हृदयाकडे जातं. आधी सलाईन लावावं लागतं.”

“खदानीत?”

डॉक्टरने चादर रामलालच्या पायावर ओढली.

“मंजे दगड होता तवरक जिता होता तो.”

“हो, मावशी.”

परतीच्या वाटेवर जीवन जीपमध्ये तिच्याशेजारी बसला होता. तांड्याचे दिवे दिसू लागले, तेव्हा तिने जीवनचा हात धरला. म्हातारी आई दारात असणार होती.

“याडीले सांगजो, दगड पडला तवाच गेला.”

जीवनने तसेच सांगितले.